‘तो बघ रणगाडा!’ म्हणण्यापूर्वी

नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून एक अपराध राजरोस घडतो आहे. बाप पोराला कडेवर घेतो, लांबूनच बोट दाखवतो आणि म्हणतो, “तो बघ रणगाडा!” पोर खूश, बाप खूश, दोघं पुढे. समोर शेरमन होता, सेंच्युरियन होता की विजयंता, याची टोचणी दोघांनाही लागत नाही. अशा सुखी जीवांनी हे मार्गदर्शन वाचू नये. ज्यांना हे सुख कायमचं सोडायचं असेल, त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या.

पायरी पहिली : हा रणगाडा आहे का?

पट्ट्यांवर चालतो, वर फिरता टरेट आहे, टरेटला तोफ आहे, म्हणजे रणगाडा, ही समजूत आधी काढून टाका. बीएमपी-२ला हे सगळं असतं. पण तिच्या पोटात मागच्या बाजूला जवान बसतात, म्हणून ती पायदळाची लढाऊ गाडी. आपल्याकडे ती मेदकला तयार होते आणि तिचं नाव सारथ. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात शेजारी तिला रणगाडा म्हणाला, तर त्याच्याकडे नुसतं करुणेने पाहा. समजावायला जाल तर संचलन संपेल.

याच सारथच्या सांगाड्यावर रुग्णवाहिका निघते, उखळी तोफेची गाडी निघते, अभियंत्यांची टेहळणी गाडी निघते आणि नाग क्षेपणास्त्र वाहणारी नामिकाही निघते. टरेट गायब दिसला म्हणून गाडी दुसरी समजू नये. घराणं तेच, आडनाव बदललं.

पायरी दुसरी : पाय पाहा

नवशिका तोफेकडे बघतो, जाणकार चाकांकडे. पाच मोठी चाकं, वर पट्टा तोलून धरणारा एकही रोलर नाही, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात फट जास्त : टी-५४ किंवा टी-५५. चाकं पाचच, पण मोठ्या फटी मागच्या बाजूला : टी-६२. सहा मोठी चाकं, वर तीन रोलर : टी-७२. सहा लहान चाकं, वर चार रोलर : टी-६४. सात चाकं भरली तर अर्जुन, लेपर्ड-२ किंवा अब्राम्स. नगरमध्ये उभे असाल तर अर्जुन म्हणून मोकळे व्हा.

अडचण एवढीच, की पुष्कळ रणगाड्यांना बाजूने झाकणारे पत्रे असतात आणि रोलर नेमके त्यांच्याच आड दडतात. अशा वेळी संकोच न करता गुडघ्यांवर बसावं. पहारेकरी “काय हरवलं?” असं विचारील. “चौथा रोलर,” असं सांगावं.

टी-५४ की टी-५५, हा घरात भांडणं लावणारा प्रश्न. टरेटच्या छपरावर हवा खेळवण्यासाठी बसवलेलं वाटोळं टोपण असेल तर टी-५४, नसेल तर टी-५५. ते पाहण्यासाठी रणगाड्यावर चढावं लागतं आणि चढायला मनाई असते. शास्त्र इथे काही काळ थांबतं.

पायरी तिसरी : आकड्यांवर विश्वास ठेवू नका

शेरमनचे प्रकार एम४, एम४ए१, ए२, ए३, ए४ असे चढत जातात. ए४ सगळ्यांत सुधारलेला असणार, असं सरळ माणसाला वाटतं. पण हे आकडे मुख्यतः कुठलं इंजिन आणि कसला सांगाडा, एवढंच सांगतात. ए४मध्ये क्रायस्लरने मोटारींची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरांचं एक प्रकरण उभं केलं. अमेरिकेने असे बहुतेक रणगाडे मित्रराष्ट्रांना देऊन टाकले, मुख्यतः ब्रिटिशांना. ब्रिटिशांनी मोजणी नव्याने केली : एम४ म्हणजे शेरमन १, एम४ए१ म्हणजे शेरमन २, एम४ए४ म्हणजे शेरमन ५. त्यावर १७ पौंडी तोफ चढवली की शेरमन ५सी, लाडाने फायरफ्लाय.

जर्मन तरी शिस्तीचे, या आशेवर असाल तर पँथरकडे पाहा. आधी डी आला, मग ए, मग जी. रशियनांनी टी-७२बीयू नावाच्या सुधारित टी-७२चं बारसं पुन्हा करून टी-९० केला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक मध्यम रणगाडा एम३ होता, एक हलका रणगाडा एम३ होता, एक हाफट्रॅक गाडी एम३ होती आणि एक सबमशीनगनही एम३च होती. “तातडीने दहा एम३ पाठवा” अशी तार आल्यावर भांडारपालाने काय केलं असेल, ते तोच जाणे. त्यातल्या हलक्या रणगाड्याचं नाव स्टुअर्ट. १९४८ साली आपल्या ७ कॅव्हलरीने झोजी ला खिंडीत चढवले ते स्टुअर्टच.

पायरी चौथी : पॅटन म्हणजे कुठला?

१९६५ साली असल उत्तरला आपण पॅटन फोडले, एवढं सगळ्यांना पाठ असतं. जाणकाराने लगेच विचारावं, “कुठले?” पाकिस्तानकडे एम४७ होते आणि एम४८ही. एम४७चा टरेट पुढे निमुळता होत जातो, एम४८चा गोलसर असतो. हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारू नये. समोरचा पान सोडून उठतो.

पायरी पाचवी : उत्तर कसं द्यावं

ठाम उत्तर नवशिके देतात. “बहुधा”, “उशिराच्या उत्पादनातला दिसतो”, “मागून बघितल्याशिवाय सांगणार नाही” ही तीन वाक्यं आयुष्यभर पुरतात.

शेवटची पायरी : वेळ नसेल तेव्हा

१९७१च्या युद्धात खरी परीक्षा झाली. आपल्याकडे टी-५४ आणि टी-५५. पाकिस्तानकडे टाइप-५९, म्हणजे चीनने टी-५४एवरून बनवलेला सख्खा भाऊ. दोघांचीही चाकं पाच, फटही त्याच जागी. दुर्बिणीत धूळ, समोर रणगाडा. टोपण शोधायला जाणार कोण? टी-५५च्या तोफेच्या नळीला टोकाशी एक फुगवटा असतो. बार उडाल्यावर धूर टरेटमध्ये मागे येऊ नये, हे त्याचं काम. आपल्या लोकांनी नळीच्या मध्यावर आणखी एक फुगवटा बसवला. साफ खोटा. तो धूर अडवत नव्हता, हवा खेळवत नव्हता. तो दिसला की एवढंच कळायचं : आपला आहे, मारू नका.

नळीवर दोन फुगवटे असलेल्या टी-५५चा फोटो सापडला, तर रशियन कारखान्याच्या तक्त्यात त्याचा उपप्रकार धुंडाळू नका. तिथे तो मिळणार नाही. ज्यांना ओळख चुकवणं परवडणारं नव्हतं, त्यांनी सगळ्या वर्गीकरणाचे दोनच प्रकार केले होते. उरलेले सगळे प्रकार तुमच्या-माझ्यासारख्या, अंगावर कोणी गोळे टाकत नसलेल्या माणसांच्या वाट्याचे. ते निवांत मोजा.