पादुका एसटीने, क्रिकेट विमानाने

२२ एप्रिल २०२१ रोजी रात्री आठ वाजल्यापासून महाराष्ट्रातलं लग्न दोन तासांचं झालं. माणसं पंचवीस, हॉल एक, समारंभ एक. नियम मोडला तर दंड ५० हजार. पुण्याहून निघणाऱ्या सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे-पलीकडे जी मंगल कार्यालयं आहेत, तिथे एरवी दोन तास नुसती वरात दारात पोचायला लागतात. आता तेवढ्यात हळद, मंगलाष्टकं, पंगत आणि मामाचा रुसवा, सगळं उरकायचं होतं. त्याच संध्याकाळी साडेसातला वानखेडेवर बंगळुरू आणि राजस्थान यांचा आयपीएल सामना सुरू झाला होता. म्हणजे लग्नाला घड्याळ लागलं तेव्हा पहिली काही षटकं होऊनही गेली होती. बंगळुरूने घाई करायची ती पुरेपूर केली. पडिक्कलचं शतक, कोहलीच्या नाबाद ७२, आणि एकही गडी न गमावता १६.३ षटकांत विजय. तरी सामना काही दोन तासांत बसला नाही. कुणी त्याची पावती फाडल्याचं ऐकिवात नाही.

साथीच्या त्या दोन वर्षांत काय बंद पडायचं आणि काय नुसतं हलायचं, हे विषाणूपेक्षा करारनाम्याने जास्त ठरवलं, असा या सदराचा आरोप आहे. पुरावा तारखांतच आहे. २०२०ची आयपीएल २९ मार्चला सुरू व्हायची होती. ती १५ एप्रिलवर गेली, मग बेमुदत गेली. पुढे जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक पुढे ढकलला गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेत आयपीएल अलगद जाऊन बसली. १९ सप्टेंबरपासून दुबई, अबुधाबी, शारजा. मुख्य प्रायोजक विवो बाहेर पडला, तर २२२ कोटी देऊन ड्रीम इलेव्हन आत आला. पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे १६,३४७ कोटी ज्या स्पर्धेवर लावलेले होते, तिला रद्द होण्याची मुभाच नव्हती. दहावी-बारावीच्या परीक्षेचं प्रक्षेपण कुणी विकत घेतलेलं नव्हतं. १२ एप्रिल २०२१ रोजी त्या परीक्षा पुढे ढकलल्याचं राज्याने जाहीर केलं आणि त्याच रात्री मुंबईत संजू सॅमसनने ११९ धावा ठोकल्या. राजस्थान चार धावांनी हरलं म्हणून हळहळलेल्या घरांत दहावीची पोरंही असणार. त्यांची परीक्षा आठवड्याभरात रद्दच झाली. रात्री आठनंतर संचारबंदी होती, पण आयपीएल संघांच्या सरावाला सूट होती. गावच्या मैदानावर भरदिवसा टेनिस बॉल घेऊन चार पोरं उतरली, तर पोलिसांची गाडी बघून पळायची वेळ यायची. तिथे ‘भाऊ चषका’ला सूट मागणार कोण? चषकावर नाव असलेले भाऊ स्वतःच घरात बसलेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आयपीएल रिकाम्या मैदानात झाली, खेळाडू बायो-बबलमध्ये होते, वारंवार चाचण्या होत होत्या. जत्रा-लग्नांशी तिची तुलना कशी करता? आक्षेप वजनदार आहे, म्हणून तुलना क्रिकेटशीच करू. रणजी करंडकही आयपीएल भरवणाऱ्या क्रिकेट मंडळाचाच. चेंडू तसाच, खेळपट्ट्या याच देशातल्या, विषाणूही एकच. प्रेक्षकांचं म्हणाल तर रणजी सामन्याला साथ नसतानाही इतकं सामाजिक अंतर असतं की पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियममध्ये एकेका माणसाच्या वाट्याला एकेक स्टँड यावा. गर्दी हाच निकष असता, तर रणजीला पहिली परवानगी मिळायला हवी होती. प्रत्यक्षात २०२०-२१ची रणजी रद्द झाली, आणि तीही ८७ वर्षांत पहिल्यांदा. दुसरं महायुद्ध रणजीला थांबवू शकलं नव्हतं. मंडळाच्या हिशेबाने ते काम केलं. बबल अशक्य होता असंही नाही. मंडळानेच सांगितलं होतं की अमिरातीत १,८०० माणसांच्या ३० हजारांहून अधिक चाचण्या केल्या. इतक्या चाचण्या वाट्याला आल्या तर गावचा आठवडे बाजारसुद्धा सुरक्षित झाला असता. आणि हा बबलही २०२१मध्ये फुटलाच. चेन्नईचे गोलंदाजी प्रशिक्षक बालाजी आणि त्यांच्या संघाच्या बसचा क्लीनर एकाच वेळी पॉझिटिव्ह आले. विषाणूला मानधनातला फरक कळत नाही. ६०पैकी २९ सामने होऊन ४ मेला स्पर्धा थांबली. उरलेले सामने झाले नाहीत तर अडीच हजार कोटींचा फटका बसेल, असं मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष गांगुली यांनी सांगितलं आणि सप्टेंबरात पुन्हा दुबई गाठली गेली.

दुसरा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. घरात कोंडलेल्या माणसाला संध्याकाळचे चार तास दुसरं काही दिसत होतं, याचं मोल कमी नाही. पण लोकांच्या मनासाठी चाललं होतं म्हणता, तर लोकांच्या मनातल्या बाकीच्या गोष्टी त्या यादीत का आल्या नाहीत? घरच्या आजारपणामुळे अश्विन स्पर्धा सोडून गेला, ‘न्यू इंडियन एक्स्प्रेस’ने आयपीएलच्या बातम्या छापणं थांबवलं. तेवढ्यापुरतं का होईना, मन सगळ्यांचं सारखं रमत नव्हतं.

आता वारीचं. हडपसरला माऊलींची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामी येते. दुसऱ्या दिवशी उरुळी कांचनवरून यवतला, पिठलं-भाकरीच्या पंगतीला. २०२० आणि २०२१ मध्ये हा मुक्काम झाला नाही. लाखोंची वारी थांबवली हे योग्यच होतं. वारकऱ्यांनीही ते निमूट मान्य केलं. प्रश्न फक्त सोय कुणाची किती पाहिली गेली याचा आहे. २०२०मध्ये मोजक्या वारकऱ्यांसह पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या पालखीला तर एसटीने ७१ हजार रुपये भाडं लावलं, ओरड झाल्यावर परत केलं. तिकडे आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२१मध्ये निकाल दिला, की आयपीएल भरवल्यामुळे क्रिकेट मंडळाचा धर्मादाय हेतू नाहीसा होत नाही. धर्मादाय संस्था विमानाने दुबईला आणि दिंडीच्या हातात एसटीचं बिल, हा हिशेब ज्ञानोबा-तुकोबांनाही सुटला नसता.

२०२२मध्ये आयपीएलचे सगळे ७० साखळी सामने महाराष्ट्रात झाले, त्यातले १५ गहुंजेला. एप्रिलमध्ये दिल्लीच्या संघात कोरोना निघाला. मिचेल मार्शही सापडला. २० तारखेचा त्यांचा पंजाबविरुद्धचा सामना मंडळाने पुण्याहून काढून मुंबईत ब्रेबॉर्नवर नेला. कारण लेखी दिलं होतं: बंद बसमधला लांबचा प्रवास खेळाडूंसाठी धोक्याचा. मुंबई ते पुणे, द्रुतगती मार्गाने. त्याआधीच्या जुलैतल्या वारीसाठी दहा मानाच्या पालख्यांना प्रत्येकी ४० वारकरी आणि दोन एसटी बस मंजूर झाल्या होत्या. देहूहून पंढरपूर मुंबई-पुण्यापेक्षा बरंच लांब आहे. बसमधल्या हवेचा मुद्दा तेव्हा कुणी काढला नव्हता.