शंभर टक्के, पाण्यासकट

आटवलेल्या रसात पाणी ओतून पुन्हा ‘रस’ करायचा आणि खोक्यावर ‘100 टक्के फळांचा रस’ छापायचं, हा उद्योग थांबवा, असं अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने जून 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं. कारण त्यात सर्वांत जास्त असतं ते पाणीच. आमचा दूधवाला उगाच बदनाम झाला! किलोमागे 15 ग्रॅमच्या वर साखर घातली तर ‘गोड केलेला रस’ म्हणायचाही नियम आहे. घटकांची यादी बघायची तर खोकं उलटं करा, चष्मा लावा, मग खाली चिकटवलेल्या घडीजवळ मुंगीएवढी अक्षरं सापडतील. दर्शनी भागावर मात्र दवात न्हालेलं टपोरं संत्रं. दुकानाबाहेर मोसंबीवाला बसलाय. त्याच्या मालावर काहीच छापलेलं नाही, म्हणून घासाघीस त्याच्याशीच.