वरच्या अंगाचा पाऊस

वाशीम जिल्ह्यात बर्फ पडत नाही, याचं पूरबाबूंना मनापासून वाईट वाटायचं. पडला असता तर हिवाळ्याचे महिने त्यांना असे निराधार काढावे लागले नसते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, शेतकऱ्यांचा हरभरा-गहू झोपला, तेव्हा सगळा जिल्हा हळहळत होता. पूरबाबूही हळहळले. पण त्यांच्या अर्जात ‘रस्त्यावर गारांचा थर साचल्याने’ हे शब्द आले तेव्हा अक्षर नेहमीपेक्षा टपोरं होतं.

पूरबाबू हे नाव आम्ही ठेवलेलं. हजेरीपटावरचं नाव वेगळं होतं, ते सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत एकेक पूरबाबू सापडेल आणि प्रत्येकाला हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल. मी आस्थापनेच्या टेबलावर होतो. हजेरीपट, रजेचे अर्ज, पगारबिलं माझ्याकडे. म्हणजे पूरबाबूंचं समग्र वाङ्मय माझ्याच हातून फाईलला लागलं.

या माणसाची मुळं १९९८ मध्ये आहेत. त्या वर्षी १ जुलैला अकोला जिल्हा फुटून वाशीम जिल्हा झाला. पाट्या आल्या, शिक्के आले, कपाटं आली आणि माणसंही आली, पण ती फक्त कार्यालयीन वेळेपुरती. बिऱ्हाडं अकोल्यातच राहिली. पोरांच्या शाळा तिकडे, बायकोची नोकरी तिकडे, जठारपेठेत नाहीतर गोरक्षण रोडला घेतलेला प्लॉट तिकडे. मग रोज सकाळी पातूर, मेडशी, मालेगाव असं करत एसटीनं यायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परतायचं. नाहीतर बार्शीटाकळीवरून रेल्वे होतीच. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि अपडाऊन तेवढंच रुंद झालं.

पूरबाबूंचं कार्यालय वाशीमच्याही पुढे, एका तालुक्याच्या गावी. पद असं की निम्मं काम टेबलावर आणि निम्मं फिरतीवर. हे ‘निम्मं फिरतीवर’ पुढे फार कामाचं ठरलं.

पावसाळ्यात सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला माझा फोन वाजायचा. आवाज भिजलेला असे.

“नमस्कार साहेब. नाल्याले पूर आहे जी. पुलावरून पानी चाललं. एसटी इकडंच थांबून रायली.”

“कुठं आहात तुम्ही?”

“नाल्याच्या काठावर उभा आहो ना!”

एवढ्यात काठावर कुकरची शिट्टी व्हायची.

त्यांची खरी हुशारी मला फार उशिरा उमगली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी नदीला पूर आणला नाही. आणला तो नेहमी नाल्याला. जिल्ह्यात पैनगंगा आहे, अडाण आहे, अरुणावती आहे. पण नदीला पूर आला की पेपरात येतं, तहसीलमध्ये नोंद होते, कोणीतरी मोबाइलवर फोटो टाकतो. नाल्याचं तसं नाही. नाला निनावी असतो. तो तासाभरात चढतो, तासाभरात उतरतो आणि मागे पुरावा ठेवत नाही. “कोणता नाला?” असं विचारलं तर पूरबाबू म्हणत, “तो नाही का, पुलाच्या अलीकडला!” आमच्या रस्त्यांवर पुलाच्या अलीकडे नाला नाही अशी जागा दाखवा.

आता रजेचं गणित. राज्य सरकारी माणसाला वर्षाला ८ किरकोळ रजा. पूरबाबूंचा पावसाळा आठ दिवसांत भागणारा नव्हता. त्यात पेरणीचे दिवस, कारण बार्शीटाकळीकडे त्यांचं वडिलोपार्जित वावर होतं आणि सोयाबीन काही साहेबांच्या सवडीनं पेरता येत नाही. मग पोळा, मग महालक्ष्म्या, मग सोंगणी. पंचांगातली नक्षत्रं आणि त्यांचे पूर मी एकदा शेजारी मांडून पाहिले. मृग कोरडा गेला तरी पेरणीच्या आठवड्यात नाला भरून वाहायचा. पोळ्याच्या दिवशी तर हटकून.

किरकोळ रजा संपल्यावर दुसऱ्या कोणी अर्जित रजेला हात घातला असता. ती वर्षाला ३० दिवस मिळते, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी खात्यावर जमा होते. अर्धवेतनी रजा २० दिवसांची असते. तीही संपली की असाधारण रजा, म्हणजे साध्या भाषेत बिनपगारी. १९८१ च्या रजा नियमांत ही सगळी उतरंड आहे. पूरबाबूंना ती पाठ होती आणि म्हणूनच ते तिच्यावरून कधी उतरले नाहीत. त्यांनी हालचाल नोंदवही शोधून काढली. कार्यालयाबाहेर कामाला जाताना कर्मचाऱ्यानं तिच्यात कुठं, कशासाठी ते लिहून जायचं असतं. पूरबाबू दुसऱ्या दिवशी यायचे आणि आदल्या तारखेसमोर लिहायचे : ‘पूर परिस्थितीची पाहणी.’

यात खोटं काय काढणार? नाल्याला पूर असेल तर ते तो पाहतच होते. ज्या पुरामुळे येता आलं नाही, तोच पूर पाहायला गेले म्हणून ते कर्तव्यावर. पगार पूर्ण. एकदा तर त्यांनी प्रवासभत्त्याचं बिलही जोडलं होतं. ते मात्र मी परत केलं, तेव्हा चार दिवस त्यांनी माझ्याकडचा चहा घेतला नाही.

मधेच एक तरुण साहेब आले. परीक्षा देऊन थेट वर्ग एकमध्ये लागलेले, आकड्यांवर श्रद्धा असलेले. त्यांनी महसूल मंडळांच्या पावसाचे आकडे मागवले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं, कारण नुकसानीची मदत त्या आकड्यावर अडते. साहेबांनी पूरबाबूंच्या सगळ्या तारखा आकड्यांशी ताडून पाहिल्या आणि त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाईल घेऊन उभा होतोच.

“या तारखेला तुमच्या वाटेवरच्या एकाही मंडळात पाऊस नाही. एकात दोन मिलिमीटर आहे. नाल्याला पूर आला कुठून?”

पूरबाबूंनी साहेबांकडे बापानं पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

“साहेब, पूर इथल्या पान्यानं येतो का? पाऊस वरच्या अंगाले पडते आन् पूर खालच्या अंगाले येते. तुम्ही खालचं मोजून रायले.”

साहेबांनी नकाशा पाहिला. भूगोल पूरबाबूंच्या बाजूनं होता. साहेब वर्षभरात बदलून गेले.

त्यानंतर अलर्ट आले आणि पूरबाबूंचे दिवस पालटले. हवामान खात्याचं नागपूरचं केंद्र विदर्भासाठी यलो, ऑरेंज, रेड असे इशारे देतं. पूरबाबूंना यलो पुरे व्हायचा. रेड आला की जिल्हाधिकारी शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर करतात. पूरबाबू तो आदेश ‘सुट्टी’ या शब्दापर्यंत वाचत आणि मोबाइल ठेवून देत. कुणाला सुट्टी, हे पुढच्या ओळीत असायचं.

मुंबईच्या लोकांबद्दल त्यांना कीव होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हजारो माणसं कार्यालयात रात्रभर अडकली किंवा गळाभर पाण्यातून चालत घरी गेली. पूरबाबूंचं म्हणणं, ही नियोजनाची चूक. “अडकायचं तं घरी अडका. हापिसात जाऊन काहून अडकता?”

त्यांचा पुतण्या बोस्टनला असतो. तिकडे २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११० इंचांवर बर्फ पडला, म्हणजे नऊ फूट. ही बातमी पूरबाबूंनी कार्यालयात घरच्या लग्नासारखी सांगितली. मग व्हिडिओ कॉलवर त्यांनी पुतण्याची नीट चौकशी केली : पडल्या दिवशी पगाराचं काय? पुतण्यानं समजावलं. मासिक पगाराच्या माणसाला, कंपनीनंच एखाद-दोन दिवस कार्यालय बंद ठेवलं तर पगार कापता येत नाही. पण कार्यालय उघडं असेल आणि तुम्हीच बर्फामुळे पोचला नाहीत, तर त्या दिवसाची रजा जाते, नसेल तर पगार जातो. तासावर काम करणाऱ्याला तर काम केलं तेवढ्याच तासांचे पैसे. इंग्लंडमध्येही बर्फात अडकलेल्याला पगार मिळालाच पाहिजे असा कायदा नाही.

पूरबाबू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आपून न जाऊन भागत नाही. हापिसच बंद पडलं पायजे.” पुढचे दोन दिवस ते कार्यालयाच्या गळक्या छपराकडे जरा जास्तच प्रेमानं पाहत होते. पुतण्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती : आता बर्फ पडला तरी सुट्टी कसली, लॅपटॉपवर घरूनच काम. हे ऐकल्यापासून पूरबाबूंनी कार्यालयानं दिलेला लॅपटॉप कधी घरी नेला नाही. सरकारी वस्तू, भिजली तर?

आमच्याकडे एक कंत्राटी ऑपरेटर मुलगी होती, एजन्सीमार्फत लागलेली. जितके दिवस हजर तितक्या दिवसांचे पैसे. ती जवळच्याच खेड्यातली, आणि तिच्या घराच्या वाटेत खरोखरचा नाला होता, पुलाबिगरचा. पावसाचा जोर असला की ती बापाच्या दुचाकीवर दुसऱ्या गावावरून फेरा मारून यायची, ओढणी पिळून खुर्चीच्या पाठीला टाकायची आणि संगणक सुरू करायची. एका सकाळी पूरबाबूंचा फोन चालू होता, मी स्पीकरवर टाकलेला. “नाल्याले लय पूर आहे जी,” तिकडून आलं. मुलीनं मान न वळवताच म्हटलं, “आज तं घोट्याइतकंच पानी आहे.” फोन कट झाला. रेंज गेली असावी.

त्या दिवशी निंदणाच्या बायाही घरी बसल्या असतील, पाऊस लागला की वावरात पाय घालता येत नाही आणि रोज पडत नाही. त्यांना हालचाल नोंदवही नसते. पूरबाबूंशी हे एकदा बोललो. ते खरंच हळहळले. “त्याइच्यासाठी सरकारनं काईतरी केलं पायजे,” म्हणाले, आणि अर्ज पुढं सरकवला.

आता घरभाडे भत्त्याकडे येऊ, कारण पूरबाबूंच्या फाईलचं वैभव तिथं आहे. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे. खेड्यावरच्या शिक्षक-ग्रामसेवकांकडून तर २०१९ मध्ये ग्रामसभेचा ठराव मागू लागले, की हा माणूस खरंच इथं राहतो. आमच्याकडे स्वतःच्या सहीचा दाखला आणि भाडेपावती चालायची. त्यामुळे पूरबाबूंच्या फाईलला एकाखाली एक दोन कागद सुखानं नांदत होते. वरचा : ‘मी मुख्यालयी भाड्याच्या खोलीत कायम वास्तव्यास आहे.’ खालचा : ‘पुरामुळे मुख्यालयी पोहोचू शकलो नाही.’ अक्षर तेच, शाईही तीच. लेखापरीक्षणाची माणसं तीनदा येऊन गेली. त्यांचंही अपडाऊनच होतं.

आणि एकदा नाला खरंच आला. महालक्ष्म्या दोन दिवसांवर होत्या. फरकाच्या बिलावर सह्या करायच्या होत्या म्हणून पूरबाबू आवर्जून हजर होते. दुपारी तीनला आभाळ फाटलं. पाचला रस्ता दोन्ही अंगांनी बंद, एसटी आगारात उभ्या. पूरबाबूंनी आयुष्यात पहिल्यांदा घरी फोन करून तेच वाक्य उलट्या दिशेनं सांगितलं. तिकडून वहिनींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला : “तुमचे हे बहाने हापिसात सांगा!”

आता रात्र काढायची कुठं? शिपाई म्हणाला, “साहेब, तुमची खोली आहे ना.” पूरबाबूंना खोली कुठल्या गल्लीत आहे हे माहीत नव्हतं. भाडेपावतीवरचा पत्ता वाचून आम्ही निघालो. दार उघडलं ते एका म्हातारीनं.

“कोन पायजे जी?”

“मी तुमचा भाडेकरू.”

“आमच्या घरी तं कोनी भाडेकरू नाही बाप्पा. त्या खोलीत कुटार भरलं हाय.”

तिच्या पोरानं दहा वर्षं सह्या केल्या होत्या, तिला गंध नव्हता. पण म्हातारी भली. तिनं भाकरी-पिठलं वाढलं, कुटार एका कोपऱ्यात लोटून सतरंजी दिली. पूरबाबू रात्रभर शिंकत होते.

सकाळी पावणेदहाला ते टेबलावर हजर. डोळे लाल, डोक्यात काड्या. त्यांनी आधी हालचाल नोंदवही मागवली आणि लिहिलं : ‘रात्रभर मुख्यालयी थांबून पूर परिस्थितीवर लक्ष ठेवले.’ मग बदली रजेचा अर्ज दिला. त्या अर्जातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि पूरबाबूंचा तेवढा एकच अर्ज नामंजूर झाला.

परवा ते नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभ जूनअखेर होता, बाहेर कडक ऊन, तरी ते अर्धा तास उशिरा आले. सेवापुस्तक मीच पूर्ण केलं. बिनपगारी एक दिवस नाही. न वापरलेली अर्जित रजा निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोख मिळते. पूरबाबूंच्या खात्यावर पूर्ण ३०० शिल्लक होती आणि तिचे पैसे त्यांना मिळाले.