जरा सरकून घ्या

लोकलमध्ये तिघांच्या बाकापाशी चौथा आला की तो काही बोलत नाही. नुसता हात हलवतो. मग तिघं बोटबोटभर सरकतात आणि चौथ्याला अर्धं बूड टेकण्यापुरती जागा होते. गलिलीच्या डोंगरातल्या सफेद नावाच्या गावी एका ज्यू साधकाने सृष्टीची उत्पत्ती अशीच सांगितली होती, हे वाचलं तेव्हा मी चौथ्या सीटवरच होतो.

त्याचं नाव इसाक लुरिया. 1570 मध्ये इजिप्तहून आला, 1572 मध्ये साथीत गेला. त्याचं म्हणणं, आरंभी सगळीकडे देवच भरलेला होता, जगाला जागाच नव्हती. तेव्हा देव स्वतःच आक्रसला. या सरकण्याला ‘त्सिमत्सुम’ म्हणतात. मोकळ्या जागेत प्रकाश ओतला तर तो धरणारी भांडीच फुटली आणि ठिणग्या जगभर विखुरल्या. आता त्या माणसाने प्रार्थनेतून, सत्कृत्यातून वेचायच्या. पसारा एकाचा, आवरणार दुसरा. आमच्या घरची रीत.

लुरियाची ही ज्यू गूढविद्या म्हणजे कबाला, पायऱ्यांचा रस्ता. देव प्रकट होण्याच्या दहा पायऱ्या म्हणजे सेफिरोत, हिब्रूची 22 अक्षरं, अरामाईकमधला गूढ ग्रंथ ‘झोहर’. चाळिशी गाठल्याशिवाय या विद्येला हात लावू नये, असा दंडकही पुढे रूढ झाला. लुरिया 38व्या वर्षीच वारला, ते बरंच झालं म्हणायचं; त्याला प्रवेश नाकारायची वेळ कुणावर आली नाही.

दुसऱ्या टोकाला जे. कृष्णमूर्ती. जगद्गुरू व्हायचं म्हणून लहानपणापासून घडवलेले. पण 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमधल्या ओमेनला, त्यांना घडवणाऱ्या ॲनी बेझंट समोर असताना, त्यांनी आपल्यासाठीच उभारलेली संघटना मोडीत काढली. धर्म नको, गुरू नको, पायऱ्याही नकोत. मनात काय चाललंय ते नुसतं बघा. गंमत अशी की, गुरू नको हे त्यांच्याच तोंडून ऐकायला लोक पुढची 57 वर्षं, 1986 मध्ये ते जाईपर्यंत, येऊन बसत होते.

मला दोन्ही जमलं नाही. पायऱ्या चढायला गुडघे नाहीत. मन बघायला बसलो तर पहिलाच विचार आला, गॅसचा नंबर लावायचा राहिला. बघणारा उठला, नंबर लावून आला.

फरक आहेच. लुरियाच्या डब्यात आपल्यासाठी आधीच कुणीतरी सरकलंय, म्हणून आपल्या डोक्यावर ऋण आहे. कृष्णमूर्तींच्या डब्यात ऋण नाही, धनको नाही. बाक अडवून बसलेला ‘मी’ तेवढा दिसला पाहिजे.

परवा ठाण्याला चक्क खिडकी मिळाली. मोबाइलवर त्सिमत्सुम वाचण्यात गढून गेलो. मुलुंडला कुणीतरी येऊन उभं राहिलं, हातही हलवला असावा. शेवटी शेजारच्या मुलाने कोपराने ढोसलं.

“काका, सरकता का जरा?”