माउली, विचारसरणी कोणती?

2025च्या पावसाळी अधिवेशनात आमदार मनीषा कायंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की वारीत शहरी नक्षल शिरलेत. तोवर तुकोबांची पालखी अंथुर्णं मागं टाकून पुढं गेलेली. आम्ही गावकरी हळहळलो. आधी कळवलं असतं, तर बेलवाडीचं रिंगण उरकून येणारी एकेक दिंडी इथंच तपासली असती. पिठलं-भाकरी वाढता वाढता विचारलं असतं, "माउली, विचारसरणी कोणती?"

तसा आमचा एकावर संशय आहेच. इसम देहूचा, वाण्याचं दुकान, दिवाळं निघालेलं. लोकांची कर्जखतं स्वतःच्या हातानं नदीत बुडवली (जिल्हा बँकेनं नोंद घ्यावी). चारचौघांत बड्यांना सुनावतो, लिहितो, वर टाळ देऊन लोकांकडून वदवूनही घेतो. मागं त्याच्या वह्या बुडवायला लावल्या होत्या, सुधारणा नाही.

असल्यांसाठीच 10 जुलैला विधानसभेनं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात बोललेलं, लिहिलेलं, नुसती खूण केलेलं, सगळं मावतं. सभागृहात ठाम विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोलेंनी, एकट्यानं. बाकीच्यांना एकादशीचा उपास बाधला असावा. शिक्षा सात वर्षांपर्यंत. इंग्रजांनी 1908मध्ये टिळकांना अग्रलेखांपायी सहाच दिली होती. परकं सरकार ते, हात आखडताच असायचा.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनं तेरा दिवसांत परत केल्या म्हणतात. खातं तत्पर होतं. 2020मध्ये नक्षल असल्याच्या आरोपावरून तळोजा तुरुंगात टाकलेल्या 83 वर्षांच्या स्टॅन स्वामींनी, हात कापतात म्हणून, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मागितला. नुसतं उत्तर द्यायला तपास यंत्रणेनं 20 दिवसांची मुदत घेतली. पुढच्या जुलैत ते कच्चे कैदी म्हणूनच वारले.

आमच्या वार्ताहराला म्हटलं, "लिही की यावर." तो घाबरला नाही, उगाच बदनामी नको. आमच्या तालुक्यात पत्रकाराला आत टाकायचा खर्च सरकारला पडतच नाही, नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती भागवतात. त्यानं शांतपणे पालखीची पुरवणी उघडून दाखवली. "दादा, जागा कुठंय?" पानभर स्वागतोत्सुक, हात जोडलेले, गॉगल घातलेले. तुकोबा वर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

"अरे, यांचा तरी जरा मोठा घ्यायचास."

"बाकीच्यांनी पैसे भरलेत, दादा."