चाकूरहून डिस्कपार्ट साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. डिस्कपार्ट साहेब,
मु. विंडोज, काळ्या पडद्याआड.

विषय : न विचारता पुसून टाकण्याची कार्यतत्परता आवरती घेणेबाबत.

महोदय,

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूर तालुक्यातले पेनड्राइव्हधारक, ऑनलाइन सेंटरवाले, झेरॉक्सवाले आणि लग्नाचं शूटिंग घेणारे फोटो स्टुडिओ यांच्या वतीने हा अर्ज सादर आहे. आधी आपलं अभिनंदन. उत्पन्नाच्या दाखल्याला इथे आधार कार्ड लागतं, रेशन कार्ड लागतं, स्वयंघोषणापत्र लागतं, तलाठ्याचा अहवाल लागतो आणि वर सर्व्हर चालू असावा लागतो. आपण विंडोजमधली डिस्क विभागणारी नि पुसणारी आज्ञावली; आपल्याला एकच शब्द पुरतो : क्लीन. एंटर दाबला की डोळ्याची पापणी लवायच्या आत अख्खी डिस्क कोरी, आणि खाली आपलाच अहवाल की डिस्क साफ करण्यात डिस्कपार्ट यशस्वी झाले. स्वतःच्या यशाची बातमी स्वतःच देणारे लोक तालुक्याला नवे नाहीत. पण काम खरोखर झाल्यावर देणारे विरळाच.

आपली सेवा जुनी आहे. 2001 साली विंडोज एक्सपीबरोबर आपण घरोघरी पोचलात आणि एफडिस्क या जुन्या कारकुनाची खुर्ची आपल्याला मिळाली. तेव्हापासून अडलेल्यांची कामं केलीत, हेही नोंदवलं पाहिजे. ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून रुसून बसलेल्या कितीतरी पेनड्राइव्हांचं कुलूप आपल्या ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ या मंत्राने निघालं. ड्राइव्ह आतून मेलेला असेल तर तिथे कोणाचाच इलाज चालत नाही. तो दोष अर्जदार आपल्या माथी मारत नाहीत.

तक्रार आहे ती ओळख परेडीबद्दल. ‘लिस्ट डिस्क’ म्हटलं की आपण यादी दाखवता : डिस्क 0, डिस्क 1, डिस्क 2. पुढे ऑनलाइन आहे की नाही आणि आकार किती. कंपनीचं नाव नाही, मालकाने हौसेने दिलेलं नाव नाही. स्टुडिओच्या टेबलावर एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क शेजारी शेजारी असतात. एकीत ऐन सीझनमधली लग्नं, मिक्सिंग व्हायची बाकी. दुसरी जुनी, मोकळी करायला काढलेली. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, म्हणून आपल्या यादीत दोन्ही 931 जीबी. अक्षता पडल्या, पाहुणे गावी गेले, मांडव उतरला. आता नवरीचा भाऊ अल्बम मागायला आला तर स्टुडिओवाल्याने त्याला काय दाखवावं, डिस्क 1 की डिस्क 2? केबल काढून परत लावली, मशीन बंद करून चालू केलं, तर हे क्रमांक बदलूही शकतात. काल जी 1 होती ती आज 2.

‘डिटेल डिस्क’ म्हटलं की मॉडेलचं नाव दिसतं आणि ‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये ड्राइव्हचं अक्षर व लेबल दिसतं, हे खरं. निवडलेल्या डिस्कपुढे आपण एक चांदणीही काढता. पण ही माहिती मागणाऱ्यालाच मिळते. घाईतल्या माणसाला हा माहिती अधिकार ठाऊक नसतो.

आपला शेजारी ‘फॉरमॅट’ हार्ड डिस्कवर हात टाकण्यापूर्वी मोठ्या अक्षरांत बजावतो की सगळा डेटा जाईल, हो की नाही सांगा. आपण असलं काही विचारत नाही. विंडोज व्हिस्टापासून दारावर पहारेकरी बसला खरा; प्रशासक म्हणून आत सोडू का, एवढं तो विचारतो. एकदा आत गेलं की पुढे विचारणारं कोणी नाही. लिनक्समधले आपले भाऊबंद डीडी हेही याच स्वभावाचे, त्यामुळे हा दोष एका घराण्याचा म्हणता येत नाही.

आणि न्याय कसा, तर ज्या डिस्कवर चालू विंडोज बसलेलं आहे तिच्यावर क्लीन चालवायला गेलं की आपण ताडकन नकार देता. इथे परवानगी नाही! म्हणजे स्वतःचं घर शाबूत, पाहुण्याच्या घरावर बुलडोझर. विंडोज नव्याने टाकायला इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, की मात्र घरच्या डिस्कचंही हे संरक्षण संपतं, कारण तेव्हा आपला मुक्काम दुसरीकडे असतो.

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा धूर दिसला, बंब धावले, फायली जळाल्याचं महाराष्ट्राला कळलं. त्यानंतर कागद संगणकावर चढवण्याची घाई झाली. त्या संगणकावर आपण बसलेले आहात आणि आपल्या कामाला धूर नाही.

एक गोष्ट मात्र आपण मोठेपणाने लपवून ठेवली आहे. साधं क्लीन डिस्कवरची विभागणीची नोंदच तेवढी पुसतं. फोटो आणि फायली बहुतांशी जागेवरच राहतात. अशा वेळी त्या डिस्कवर नवं काहीही न टाकता ती बाजूला काढली, तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट मिळणारी साधनं पुष्कळ काही परत आणतात. खरा घात ‘क्लीन ऑल’चा. ते डिस्कचा कानाकोपरा शून्याने भरतं. मोठ्या डिस्कवर त्याला तासन् तास लागतात, एवढीच त्यात दया. माणूस भानावर येऊन केबल उपटू शकतो.

तरी अर्जदारांच्या मागण्या अशा. क्लीनपूर्वी डिस्कचं नाव, लेबल आणि आत किती माल आहे ते दाखवावं. ‘हो’ टाइप करून घ्यावं, नुसत्या एंटरवर भागवू नये. ते जमत नसेल तर आपली नेमणूक महिनाभर एखाद्या सरकारी कार्यालयात करावी. तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या मागण्याची सवय आपोआप लागेल.

कळावे,
बॅकअप नसलेले समस्त अर्जदार,
चाकूर, जि. लातूर

सोबत : पेनड्राइव्ह एक, 32 जीबी. आपल्या नोंदीनुसार रिकामा.