माननीय प्रश्नावलीबाईंना डिचोलीहून जाहीर पत्र

डिचोली, गोवा

माननीय प्रश्नावलीबाई यांस,


एकाच अंगावर दीर्घकाळ पडून राहिल्याने माकडहाड, टाचा, खुबा अशा हाडाळ जागी कातडी आणि तिच्याखालचे मांस कुजून जी जखम होते, त्या दाबव्रणाविषयी परिचारिकांना नेमके किती कळते, हे मोजण्याचे महत्कार्य आपल्या कुळाने चालवले आहे, त्याबद्दल आपले अभिनंदन करणे अगत्याचे आहे. आपल्या घराण्यातील पायपर आणि मॉट यांची ४७ विधानांची चाचणी १९९५ साली अवतरली, आणि ‘बरोबर’, ‘चूक’, ‘ठाऊक नाही’ एवढ्या तीन उत्तरांत परिचारिकेचे अंतरंग उलगडण्याची सोय झाली. तेव्हापासून या विषयावरील प्रबंधाचा निष्कर्ष बहुधा प्रबंध न उघडताही सांगता येतो : ज्ञान मध्यम, आचरण त्याहून कमी, सबब प्रशिक्षण द्यावे.

प्रशिक्षण हवेच. हाडाच्या उंचवट्यावर स्पिरिट चोळून मालिश करणे आणि बुडाखाली मध्ये भोक असलेली हवेची रिंग सारणे, या दोन्ही रीती आता अपायकारक ठरल्या आहेत. कारण पहिलीमुळे आधीच अर्धमेल्या झालेल्या पेशी चिरडतात, तर दुसरीमुळे कडेच्या वर्तुळावर दाब एकवटून मधल्या भागाचे रक्त अडते. तरीही दोन्ही रीती पूर्ण सेवाभावाने चालू आहेत. १९८७ सालची ब्रेडन मापनश्रेणी, जिच्यात संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंग हलवण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण या सहा बाबींच्या गुणांची बेरीज जितकी कमी तितका धोका अधिक, तीही परिचारिकेस मुखोद्गत असावी. पण परदेशी गोऱ्या कातडीवर वाढलेल्या आपल्या भगिनी व्रणाची पहिली खूण म्हणून बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली विचारतात, आणि गोव्यातील सावळ्या पाठीवर ती लाली सहसा दिसतच नाही. तिथे हाताला लागणारी ऊब, कडकपणा आणि रुग्णाची दुखण्याची तक्रार यांवरच विसंबावे लागते. हे ओळखणाऱ्या अनुभवी सिस्टरला आपण कोणता गुण देता?

आता आपल्या आवडत्या प्रश्नाकडे वळू. दर दोन तासांनी कूस बदलावी काय? ‘बरोबर’ या चौकटीत खूण करण्यास एक क्षण पुरतो. समजा, एका वॉर्डात स्वतः न हलू शकणारे दहा रुग्ण आहेत आणि पाळी आठ तासांची आहे. तर प्रत्येकी चार याप्रमाणे कूस चाळीस वेळा बदलावी लागेल, आणि एका खेपेस पाच मिनिटे धरली तरी २०० मिनिटे लागतील. शिवाय रुग्णाला ओढून सरकवले, तर कातडी चादरीला चिकटून मागे राहते, आतले हाड पुढे जाते आणि दोहोंमधल्या रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. म्हणून त्याला अंगाखालच्या आडव्या चादरीसकट (ड्रॉशीट) दोघींनी उचलावे, असे शास्त्र सांगते. म्हणजे श्रम दुप्पट, ४०० मिनिटे, आणि दोघींच्या मिळून ९६० मिनिटांतील उरलेल्या ५६० मिनिटांत त्यांनी, दुसऱ्या कोणाच्याही मदतीविना, इंजेक्शने, सलाइन, नोंदी, नवे दाखल रुग्ण आणि नातेवाइकांची समजूत हे सर्व उरकावे. रात्रपाळीला दुसरी सिस्टरच नसेल, तर काय करावे, याला आपल्या ४७ विधानांत जागा नाही. मग कूस बदलल्याच्या नोंदीचा पोझिशन चार्ट मात्र दोन-दोन तासांच्या खुणांनी न चुकता भरलेला आढळतो, यात नवल ते कसले?

आपली सत्ता वॉर्डाच्या दाराशी संपते, हेही नमूद करणे भाग आहे. पक्षाघाताचा किंवा कण्याला मार लागलेला रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून (गोमेकॉ) मये, नार्वे, लाटंबार्से अशा गावी परतला, की परिचारिकेची जागा सून, मुलगी किंवा वयोवृद्ध पत्नी घेते, आणि तिला कोणतीही चाचणी विचारायला येत नाही. आषाढ-श्रावणात धुतलेली चादर दोन-दोन दिवस वाळत नाही, अंगाखालच्या रेग्झिनवर घाम साचतो, लघवीने ओल राहते. ब्रेडनबाईंचा ‘ओलावा’ हा रकाना डिचोली तालुक्यात पावसाळा स्वतःच भरतो. घरी शुश्रूषा करणाऱ्या त्या बाईसाठी उशी पोटऱ्यांखाली देऊन टाचा अधांतरी ठेवण्याचे दोन मिनिटांचे प्रात्यक्षिक आपल्या ४७ विधानांपेक्षा अधिक कामाचे आहे.

तरी आपल्या पुढील आवृत्तीत परिचारिकेच्या ज्ञानाचे गुण देण्यापूर्वी रात्रपाळीत किती जणी असतात, कोरड्या चादरी किती मिळतात आणि रुग्णाला घरी धाडताना घरच्या माणसाला कूस बदलून दाखवली काय, हे तीन प्रश्न घालावेत आणि त्यांची उत्तरे परिचारिकेकडून नव्हे, तर तिची ड्युटी लावणाऱ्यांकडून घ्यावीत, ही विनंती.

कळावे,
एक डिचोलीकर